शेवटून दुसरी

मंगळवार, ता. २

मापांच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांच्यावर लिहायला घेतलं आहे. पुढच्या पानांवर लोकांच्या छात्या आणि कमरा, मागे माझं रडगाणं. एका वहीत दोन्ही मावतं.

लेकीला जाऊन दोन महिने होत आले. दातांच्या दवाखान्यात ती फोन घ्यायची, लोकांना वेळा द्यायची. तिथेच खुर्चीवरून उठताना पडली. डोक्यात रक्ताची गाठ होती म्हणाले. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. चार दिवसांसाठी म्हणून आले ती अजून इथेच आहे.

जावई लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढतात आणि घरी येऊन स्वतः अडकून बसतात. बोलणं मुळात कमी, आता तर मीठ वाढावं तेवढंच. नात आठ वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणतात, पण हल्ली ती फिरत नाही. शाळेतून येते, दप्तर ठेवते आणि खिडकीशी बसते.

रविवारी मुलाचा फोन आला होता. म्हणाला, आई, जावयाच्या दारात किती दिवस राहणार, लोक काय म्हणतील. लोक कोण ते त्यालाही सांगता आलं नाही. पण त्याचं खोटं नाही. लेक होती तोवर हे लेकीचं घर होतं. आता भिंती त्याच आहेत, पण मी पाहुणी झाले. पाणी प्यायचं तर भांडं विचारून घ्यावंसं वाटतं.

एक गोष्ट खटकते. स्वयंपाकघराच्या फळीवर लेकीचा फोन आहे. जावई रोज तो चार्जिंगला लावतात. बंद पडलेल्या घड्याळाला किल्ली द्यावी तसं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

शुक्रवार, ता. ५

लेकीचं पळायचं जाकीट दुरुस्तीला काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. पण उसवलेलं दिसलं की माझे हात स्वस्थ बसत नाहीत, मग घालणारं माणूस असो की नसो.

खिसा फाटून अस्तरात काहीतरी घसरलं होतं. बोटभर लांबीची प्लास्टिकची पट्टी निघाली, वर काळ्या रेघा, दुकानातल्या डब्यांवर असतात तशा. मला लगेच कळलं. लेक दर शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या मोठ्या उद्यानात पळायला जायची. फोनवर एकदा सांगत होती, आई, ही पट्टी दाखवली नाही तर पळूनही न पळाल्यासारखं. मी म्हटलं होतं, एवढं पळून कुठे पोचतेस? तर हसली. म्हणाली, निघाले होते तिथेच.

पट्टी माझ्या पिशवीत ठेवली. उद्या शनिवार आहे.

शनिवार, ता. ६

शनिवारी सकाळी जावई भिंगरीला पोहायच्या वर्गाला नेतात. घरात मी एकटी. भिंतीही कान देऊन बसल्यासारख्या वाटतात. पाय मोकळे करून येते, असं जावयांना काल सांगून ठेवलं होतं. पळायला जाते म्हणाले नाही. या वयात कुणी ऐकलं तर म्हणेल, दुःखानं म्हातारीचा टाका सुटला.

बसनं गेले. उद्यान म्हणजे नावाला उद्यान, खरं तर रानच. मोठं तळं, त्याच्याभोवती मातीची वाट, मग झाडांतून जाणारा चढ आणि पुन्हा तळं. धुकं होतं. गवतावर शेकड्यांनी माणसं जमली होती. ढकलगाडीत तान्हं घेऊन आलेली आई होती, कुत्र्यासकट आलेले होते, आणि माझ्याहून म्हातारा एक गृहस्थ अर्ध्या चड्डीत उड्या मारत होता. फाटकावरची पाटी पूर्ण वाचली. मला ती सवयच आहे. शाळा कधी पाहिली नाही. कपडे बेतायच्या वर्तमानपत्रांवरून वाचायला शिकले. निम्मी बातमी बाहीत जायची, निम्मी पाठीत, त्यामुळे पुढे काय झालं ते कधी कळायचं नाही. पाटीवर लिहिलं होतं की हे सगळं फुकट आहे आणि दर आठवड्याला असतं. फुकट म्हटलं की मला आधी भीती वाटते. एका नारिंगी जाकिटातल्या बाईला विचारलं, पैसे कोण देतं? म्हणाली, कुणीच नाही, आम्ही आपले येतो.

शिट्टी झाली आणि सगळे सुटले. क्षणात गवत रिकामं. मी एकटी चालत राहिले. मग मागून आवाज आला, सावकाश चला, घाई नाही. मागे एक उंच, वाकलेला माणूस होता. पूर्वी बस चालवायचा. त्याच्या जाकिटावर पाठीमागे मोठ्या अक्षरांत 'शेपूट' असं होतं. विचारलं तर म्हणाला, मी शेपूट. इथे एकजण मुद्दाम सर्वांत मागे चालतो, म्हणजे दुसरं कुणी शेवटचं ठरत नाही. कितीही हळू चाला, तुम्ही शेवटून दुसऱ्या.

चांगली पद्धत आहे. उभ्या आयुष्यात मी कुठे अशी पाहिली नाही. आमच्याकडे जो मागे पडला त्याला नावं ठेवली, एवढंच माहीत.

शेवटी एकानं हातात आकड्याची चकती दिली आणि मशीनवाल्या मुलीनं लेकीच्या पट्टीवर लाल उजेड टाकला. टिक् वाजलं. वाचनालयात वाजतं ना, तसंच. तिथे आम्ही भिंगरीच्या कार्डावर घरभराची पुस्तकं आणतो. कुणाचं का असेना, घरचं कार्ड असलं म्हणजे झालं. लेकीची पट्टी तिच्या आईला चालली, याचं फार बरं वाटलं. जणू तिनंच आत सोडलं.

चकती बक्षीस समजून घरी घेऊन आले.

घरी जावई स्वयंपाकघरात उभे होते, हातात लेकीचा फोन, चेहरा पांढराफटक. विचारलं, आई, घरात कुणी आलं होतं का? मी म्हटलं, नाही. तिच्या किल्ल्या कुणी नेल्या का? मी म्हटलं, त्या काय, तिथे खुंटीला आहेत. किल्ल्या हातात घेऊन ते बराच वेळ चाचपत राहिले. जेवले नाहीत.

शनिवार, ता. १३

आज पुन्हा गेले. चकती परत द्यायची असते, असं कळलं. मशीनवाली मुलगी हसून म्हणाली, दर आठवड्याला कुणीतरी घरी नेतंच. तरी मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांत गिऱ्हाईकाचं एक बटण माझ्याकडे राहिलं नाही. निदान ती एक चूक तरी निस्तरली.

शेपूटराव बोलका माणूस आहे. म्हणाला, नोकरीभर मागून लोक ओरडायचे, लवकर चालव. इथे सावकाश चाललो की लोक आभार मानतात. आम्ही तळ्यावरच्या लाकडी पुलाशी जरा टेकलो. माझ्या गुडघ्याला ते हवं असतं.

मी परतले तर जावई फळीशी स्टूल घेऊन बसलेले. फोन हातात नव्हता, समोर होता. आधणाकडे बघतात तसं बघत होते. काय हो, काय आहे त्यात? म्हणाले, काही नाही आई, जाहिरात येते कसली तरी. पण आज जेवले, आणि जेवणानंतर भिंगरीची वेणीही घातली. वाकडी झाली, पण घातली.

माझं मन म्हणतं, माणूस सावरतोय.

शनिवार, ता. २०

आज गुडघा शहाण्यासारखा वागला. पुलाशी थांबले नाही. शेपूटराव म्हणाला, ताई, आज तुमच्या पायांना कुणी तेल घातलं?

मग चढावर, ध्यानीमनी नसताना, त्यानं विषय काढला. म्हणाला, इथे एक पिवळ्या टोपीची मुलगी यायची. चांगली जोरात पळायची. पण पळून झालं की घरी न जाता उलटी चालत यायची, आम्हां मागच्यांना भेटायला. दमलेल्याबरोबर शेवटपर्यंत चालायची आणि त्याला टोमणे मारून हसवायची. मला म्हणायची, काका, तुमची बस आजही उशिरानं. नाव कधी विचारलं नाही. हल्ली येत नाही. गाव बदललं असेल, नाही का?

ती पिवळी टोपी मी शिवली आहे. उरलेल्या कापडाची, आतून निळं अस्तर.

माझ्या तोंडून निघालं, "हो, बदललं असेल."

तो म्हणाला, कुठे असेल तिथे पळत असेल. मी मान हलवली. उरलेली वाट कशी संपली ते आठवत नाही. माणूस मेलं हे सांगायला सुद्धा अंगात बळ लागतं, आणि त्या गड्याकडे ती अजून जिवंत होती. असू दे म्हटलं. कुठेतरी असू दे.

घरी शिरले तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आतून जावयांचा आवाज आला, अगदी मऊ, लग्न नवीन असताना यायचा तसा. "आज जरा लवकर आलीस." मला वाटलं भिंगरीशी बोलताहेत. पण भिंगरी न्हाणीघरात होती, तिचं पाणी ओतणं ऐकू येत होतं.

मी चपला काढल्या नाहीत. परत जिन्यात जाऊन बसले.

सोमवार, ता. २२

भिंगरीचे केस पुसताना ती म्हणाली, आजी, आई शनिवारी येते.

मी म्हटलं, स्वप्नात येते का गं? म्हणाली, नाही, फोनवर येते. ती पळाली की फोन वाजतो. बाबांनी दाखवलं नाही, मी स्टुलावर चढून वाचलं. त्यात आईचं नाव असतं. मग पोरगी हळूच म्हणाली, "पण आजी, आई आता खूप हळू पळते. तिला दुखतंय का?"

माझ्या हातातला पंचा तसाच राहिला. पोरीच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. कुणीतरी तिच्या मनात हे भरवलं आहे, आणि घरात कुणीतरी म्हणजे एकच माणूस उरतं.

बुधवार, ता. २४

मुलाला फोनवर सगळं सांगितलं. तो घाबरला. म्हणाला, हे बरं लक्षण नाही, बाप मेलेल्या बायकोच्या फोनशी बोलतो आणि लेकराला तेच शिकवतो. तू पोरीला घेऊन इकडे ये. वर्षभर आमच्याकडे राहील, इथल्या शाळेत जाईल, तोवर त्यांचं डोकं ताळ्यावर येईल. सून मागून म्हणाली, खोली रिकामी करते.

मला दिवसभर काही सुचलं नाही. बापापासून लेकराला तोडायचं म्हणजे चांगल्या कापडाला कात्री लावणं. एकदा कापलं की माप चुकलं म्हणून भागत नाही. पण या घरात ते पोर रोज खिडकीशी बसून मेलेल्या आईची वाट बघतं, हे मी कुठल्या तोंडानं बघत राहू? जावई वाईट नाहीत. ते बुडताहेत, आणि बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला धरतो. हाताला लागलंय ते लेकरू.

शनिवार, ता. २७

ताप, सर्दी. गेले नाही. पडून राहिले.

आज घरात सगळ्यांचंच बिनसलं होतं. दुपारी जावई फोनशी बसले ते उठेचनात. दोनदा तो बंद करून चालू केला, तार बदलून पाहिली. भिंगरी खिडकीत. अंधारायला लागलं तरी दिवा लावू देईना. मग एकदम हुंदके देऊन रडायला लागली, म्हणे, ती आली नाही, ती आली नाही. बापानं तिला उचललं, तर तोही रडत होता. मी पांघरुणातून पाहिलं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मला सर्दी झाली, यांना काय झालं कोण जाणे. आता मात्र ठरवलं. पुढच्या शनिवारी दुपारी जावयांशी बोलायचं आणि पोरीला न्यायचं. सकाळी एकदा शेवटचं उद्यानात जाऊन येईन, शेपूटरावाला खरं सांगेन. त्याला खोटं सांगितल्याचं ओझं घेऊन गाव सोडायचं नाही.

शनिवार, ता. ३

पिशवी भरायची आहे. तरी आजच लिहिते.

सकाळी गेले. चढावर शेपूटरावाला सांगितलं. म्हटलं, ती पिवळ्या टोपीची माझी लेक. गाव बदललं नाही, गेली. तो थांबला. पाठीवरचं ते शेपटाचं जाकीट त्यानं उगाच ओढून सरळ केलं. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं, ताई. तुमची चाल तीच आहे. म्हणून तर विचारलं होतं." तळ्याशी आलो तेव्हा त्यानं माझी पिशवी धरली, एवढंच.

शेवटच्या वळणावरून गवत दिसलं. बहुतेक लोक पांगले होते, नारिंगी जाकिटवाले दोऱ्या गुंडाळत होते. मशीनवाल्या मुलीशेजारी जावई उभे होते. पोहायचा वर्ग सोडून आले होते. त्यांचा हात धरून भिंगरी, टाचा उंचावून आमच्याकडेच बघणारी.

मला वाटलं घरी काहीतरी झालं. मी लगबगीनं पुढे झाले, चकती घेतली आणि सवयीनं पट्टी पुढे केली. टिक् वाजलं. जावयांनी माझ्या हातातली पट्टी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा, काय सांगू, लिफ्टचं दार उघडावं आणि आत कुणीच नसावं, तसा झाला.

भिंगरीनं मला पाहिलंच नाही. म्हणजे पाहिलं, पण ती माझ्या अंगावरून पलीकडे बघत होती, वळणाकडे. मला बाजूला सारून दोन पावलं पुढे गेली. शेपूटराव येत होता. त्याला विचारलं, "काका, मागून अजून कुणी येतंय का?"

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो वाकून, हसून, नेहमी सगळ्यांना सांगतो तेच बोलला. "नाही बाळ. माझ्यामागे कुणी नसतं. तेच तर माझं काम."

पोर वळणाकडे बघत उभी राहिली. वाट रिकामी होती. मग ती बापाकडे गेली आणि त्याच्या कोटात तोंड खुपसलं. रडलीसुद्धा नाही. तिनं रडायला हवं होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. टिक् इथे वाजायचं आणि फोन तिथे वाजायचा. पट्टी घराची नव्हती, माणसाची होती. मी हळू चालले की लेक हळू पळायची. मला ताप आला तेव्हा ती आली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे तो कळसा मीच ठोकत होते आणि विचारत होते की आवाज कुठून येतो.

रविवार, ता. ४

काल घरी येऊन पिशवी भरायला घेतली. माझीच, पोरीची नाही. पोरीला न्यायचं तोंड मला राहिलं नव्हतं.

जावई दारात आले. म्हणाले, आई, जरा स्वयंपाकघरात या. चहा त्यांनी केला होता, साखर टाकायला विसरले होते. आम्ही तसाच प्यालो.

मग ते बोलले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या शनिवारी निरोप आला, अभिनंदन, तुम्ही आज धाव पूर्ण केली. खाली तिचं नाव, लागलेला वेळ आणि कितवी आली ते. त्यांना वाटलं तिची पट्टी, किल्ल्यांत अडकवलेली असायची ती, कुठे पडली आणि कुणाला सापडली. उद्यानवाल्यांना एक फोन करून थांबवता आलं असतं. क्रमांक शोधूनही ठेवला होता. पण दुसरा शनिवार आला आणि त्यांनी केला नाही.

"मला कळत होतं, आई. तिला मी स्वतः पोचवून आलो, मला कळणार नाही? पण फोन वाजायचा. तेवढ्यापुरतं वाटायचं, पळतेय, येईल घामेजून, दारात बूट काढेल. मागचा शनिवार रिकामा गेला तेव्हा मात्र, ती पुन्हा गेली." मग म्हणाले, पोरीला कळलंय ते तिच्या रडण्यावरून समजलं. म्हणून ठरवलं, जाऊन बघू कोण आहे, तिलाही दिसू दे. पण खरं सांगू, मीही वळणाकडेच बघत होतो.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, मग मला विचारायचं नाहीस का?"

लग्न झाल्यापासून मी त्यांना अहो-जाहो करते. जावयाला अरे म्हणणं आमच्यात बसत नाही. शब्द गेला तसा मी पदर तोंडाला लावला. तर तो म्हणाला, "तुम्ही मला विचारलंत का, आई?"

दोघांनीही नव्हतं विचारलं. तीन महिने एका भांड्यातलं जेवलो आणि एकमेकांची शिवण उसवेल म्हणून कुणी हात लावला नाही.

मी म्हटलं, मी उद्या जाते. तो म्हणाला, कुठे? मी म्हटलं, मुलाकडे. त्यानं कप विसळले. दोन्ही पालथे घातले. पाठमोराच म्हणाला, शनिवारी भिंगरीला पोहायला नेलं की मी तिथल्या बाकावर बसतो, तेव्हा तुम्ही याच घरी परत येणार एवढं माहीत असतं. त्याच्यावर बसतो मी.

पिशवी अजून भरलेलीच आहे. पण पलंगाखाली सरकवली.

बुधवार, ता. ७

भिंगरी माझ्याशी बोलत नाही. हाक मारली की येते, ताट वाढलं की जेवते, पण नजर देत नाही. काल मी तिच्याजवळ बसून सांगितलं, बाळ, आजीची चूक झाली, आजीला माहीत नव्हतं. तिनं विचारलं, म्हणजे सगळ्याच वेळेला तूच होतीस? एकदाही आई नव्हती? मी म्हटलं, नव्हती. खोटं बोलायला जीभ वळत होती, पण शेपूटरावाशी एकदा बोलून बघितलं आहे. तिनं भिंतीकडे कूस बदलली. आता आईचं जाणं तिच्या लेखी माझ्यामुळे झालं. असू दे. कुणावर तरी टाकायलाच हवं होतं, माझी पाठ रुंद आहे.

मुलाला कळवलं, नाही येत. तो म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना माझा नमस्कार सांग.

जावयानं उद्यानवाल्यांना फोन केला. ते भले लोक. माझे चारही शनिवार लेकीच्या नावावरून काढून टाकले. तिचा खरा शेवटचा शनिवार होता तोच आता शेवटचा राहणार. त्यानं मला वाचून दाखवलं. मी फक्त तिचं नाव नीट लिहिलंय का ते पाहिलं. मग माझ्या नावाची नवी पट्टी काढून आणली, या घराचा पत्ता घालून. निरोप माझ्या फोनवर येईल म्हणाला. मी लेकीची पट्टी तिच्या जाकिटाच्या खिशात घातली आणि खिसा शिवून टाकला. बारीक टाका घातला, उसवणार नाही असा.

शनिवार, ता. १०

जाऊ नये असं वाटत होतं. पण घरात बसून तरी काय, तो फोन न वाजताना ऐकायचा? गेले. भिंगरीला विचारलं, येतेस? मान हलवली, नाही म्हणून.

धुकं दाट होतं. शेपूटराव आज दुसराच होता, एक तरुण बाई. आपला माणूस मात्र आला होता, बिनजाकिटाचा. म्हणाला, आज मी सुट्टीवर, आज मी साधा माणूस. माझ्याबरोबर हळूहळू चालला. पुलाशी टेकलो तेव्हा म्हणाला, ताई, तुमची बस आजही उशिरानं. आणि मग आम्ही दोघंही तळ्याकडे बघत राहिलो.

माझी पट्टी टिक् वाजली. आवाज अगदी तोच. मला वाटलं होतं वेगळा येईल.

घरी आले तर दोघं जेवणाच्या टेबलाशी. फळीवरचा लेकीचा फोन त्यानं टेबलावर आणून ठेवला होता, तार काढलेली. मी पिशवी कोपऱ्यात ठेवून ताटं घेतली. निरोपाची वेळ झाली. होऊन गेली. तो फोन काळा, गप्प. जावई भाताची शितं ताटात एका बाजूला सारत होता. भिंगरीनं चमचा खाली ठेवला होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आणि वाजला.

तिघांनीही एकदम टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. तिघांनीही. मी, जिला सगळं माहीत होतं, तीसुद्धा.

तो तसाच काळा होता. आवाज कोपऱ्यातून आला होता. भिंगरी खुर्चीवरून उतरली, माझ्या पिशवीत हात घालून फोन काढला आणि उभ्या उभ्या वाचला. मग येऊन माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"तुझा आहे, आजी," ती म्हणाली. "शेवटून दुसरी."